वाळवंटांत काय पाहावें?

[नभोवाणीवर दिलेलें भाषण]

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही घरचीं माणसें आठ दिवस जैसलमेरला जाऊन आलों. परत आल्यावर शेजारीपाजारी व स्नेही भेटावयास येत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "तेथें वाळूशिवाय पाहण्यासारखें आहे तरी काय?" प्रश्न थट्टेचा असे. पण मला तो दर वेळीं थोडा झोंबे. कारण हाच प्रश्न निराळ्या रूपानें पूर्वीं एकदां मला विचारण्यांत आला होता, आणि त्या वेळीं मीं त्याचें उत्तर दिलें नव्हतें.

मी पेशानें शाळामास्तर. माणदेशाच्या बाजूस एका खेड्यांतील शाळेंत मीं पुष्कळ वर्षें भूगोल शिकविला. राजस्थानचें वाळवंट शिकवितांना मी फळ्यावर नकाशा काढीत असें आणि ठरलेलीं वाक्यें सांगत असें : पाऊस फार थोडा, झाडें खुरटीं व कांटेरी, जमीन ओसाड, पीक जवळजवळ नाहीं. एके दिवशीं मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तेथें कांहींच नाहीं, तर मग माणसें कां राहतात? आमच्या गांवाला उन्हाळ्यांत टँकर येतो, म्हणून माझे चुलते गांव सोडून मुंबईला गेले." वर्ग हंसला. मला वाटलें, पोर चावटपणा करतें आहे. "पुस्तकांत आहे तेवढें लिहून घे," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. पुस्तकांत उत्तर नव्हतें आणि मजजवळहि नव्हतें. पण तें कबूल करण्याइतका मोकळेपणा त्या दिवशीं मला दाखवितां आला नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर मुलानें विचारलें, "बाबा, यंदा सुटींत कोठें जावयाचें? महाबळेश्वर कीं कोंकण?" तेव्हां माझ्या तोंडून एकदम 'जैसलमेर' असें नांव निघालें. सूनबाईंना आश्चर्य वाटलें. नातवंडांना मात्र उंटाचें नांव पुरेसें होतें.

प्रथम जाण्याविषयीं दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने या प्रवासास योग्य होत. मे-जून महिन्यांत तेथील उष्णतामान पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातें. हिंवाळ्यांत दिवसां एक सदरा पुरतो, पण सूर्य मावळला कीं तासाभरांत अशी थंडी पडते कीं, लोकरीच्या कपड्यांवांचून माणसाचे हाल होतात. वाळू जशी लवकर तापते तशीच लवकर निवते, आणि हवेंत ओलावा नसल्यामुळें जमिनींतली ऊब आकाशांत निघून जाते; हें मीं शिकविलें होतें, पण त्या रात्रीं दांत वाजूं लागले तेव्हां तें मला समजलें. जोधपूरपर्यंत रेल्वेनें जावें व तेथून पश्चिमेस सुमारें पावणेतीनशें किलोमीटर रेल्वेनें किंवा मोटारीनें. हा प्रवास शक्य तर दिवसां करावा. झाडें हळूहळू कशीं विरळ होत जातात, हें खिडकींतून पाहतां येतें. आणखी एक समज मनांतून काढून टाकावा. सगळें वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. जैसलमेरच्या आसपास पुष्कळशी जमीन खडकाळ व खड्याची आहे. चित्रांतल्यासारख्या टेकड्या पाहावयाच्या तर पश्चिमेस चाळीसेक किलोमीटरवर सम येथें किंवा नैर्ऋत्येस खुडी येथें जावें लागतें.

पहिला दिवस किल्ल्यासाठीं ठेवावा. रावळ जैसल यानें ११५६ सालीं लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून त्रिकूट नांवाच्या टेकडीवर हा किल्ला वसविला. पिंवळ्या दगडाचा तट, त्याला नव्याण्णव बुरूज, आणि सकाळचें ऊन त्यावर पडलें कीं सगळा डोंगर सोन्याचा दिसूं लागतो. सत्यजित राय यांनीं या किल्ल्यावरून आपल्या गोष्टीला व १९७४ सालच्या चित्रपटाला 'सोनार केल्ला' असें नांव दिलें. २०१३ सालीं राजस्थानांतील इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर याची जागतिक वारशांत गणना झाली. आपले रायगड-राजगड आज ओस आहेत. पण या किल्ल्यांत आजहि माणसें राहतात. अरुंद बोळांतून सायकली जातात, ओट्यावर म्हाताऱ्या बायका धान्य निवडीत बसतात, मुलें दप्तर घेऊन शाळेला निघतात. आंत पंधराव्या-सोळाव्या शतकांतील जैन मंदिरें आहेत. त्यांतील दगडी कोरीव काम तर पाहावेंच. पण तेथील ग्रंथभांडार विसरूं नये. ताडपत्रावरील शेंकडों वर्षांच्या पोथ्या या कोरड्या हवेनें जपून ठेवल्या आहेत. आपल्या पावसाळी मुलखांत कसर आणि वाळवी यांनीं किती विद्या खाल्ली असेल, असा विचार तेथें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

किल्ल्यांत हिंडतांना मला भिंतींच्या पायथ्याशीं ओलीचे डाग दिसले. वाळवंटांत ओल! चौकशी केली तेव्हां कळलें कीं, या किल्ल्याला आज सर्वांत मोठें भय शत्रूचें नाहीं आणि दुष्काळाचेंहि नाहीं. तें आहे सांडपाण्याचें. टेकडीच्या थरांत माती व मऊ खडक आहे. पूर्वीं पाणी खालच्या तलावावरून डोक्यावर घागरी घेऊन वर येई, आणि जें इतक्या कष्टानें येई तें कोणी सांडीत नसे. नळ आले, मागोमाग प्रवासी आले, घरांचीं हॉटेलें झालीं, न्हाणीघरें वाढलीं, आणि पाण्याचा वापर कित्येक पटींनीं वाढला. तें पाणी जमिनींत मुरून पाया भुसभुशीत करितें. कांहीं बुरूज त्यामुळें खचले. आठ शतकें उन्हातान्हांत उभा राहिलेला किल्ला आपल्या आंघोळीच्या पाण्यानें खचावा, ही गोष्ट ऐकून मी ओशाळलों. म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं, किल्ला दोनदां पाहावा, सावकाश पाहावा, तेथील दुकानदारांकडून चार वस्तू घ्याव्या, परंतु उतरावयाचें तें खालीं शहरांत.

किल्ल्यावरून उतरून संध्याकाळीं गडीसर तलावावर जावें. चौदाव्या शतकांत महारावळ गडसी यानें हा तलाव बांधविला, आणि नळ येईपर्यंत सगळें शहर याच पाण्यावर जगलें. कांठावर छत्र्या आहेत, घाट आहेत, हिंवाळ्यांत पक्षी उतरतात. होडींतूनहि फिरतां येतें. तलावाच्या वाटेवर टिलों नांवाच्या नर्तकीनें बांधलेला दरवाजा आहे. कथा अशी सांगतात कीं, असल्या बाईनें बांधलेल्या कमानीखालून राजघराण्यानें कसें जावें, म्हणून ती पाडावी असा विचार निघाला. तेव्हां तिनें कमानीवर कृष्णाचें देऊळ बसविलें, आणि मग पाडण्याचें कोणाचें धाडस झालें नाहीं. कथा खरी असो वा नसो, पाण्याच्या वाटेवर आपलें नांव राहावें असें तिला वाटलें, हें मला फार आवडलें. हौशी प्रवासी तलावाचीं छायाचित्रें घेतात व परततात. आपण थोडें थांबून तलावाच्या पलीकडे, जिकडून पाणी येतें तिकडे पाहावें. ज्या उतारावरचें पावसाचें पाणी तलावांत येतें त्या जमिनीला तिकडे 'आगोर' म्हणतात. तलावाइतकेंच आगोर पवित्र मानीत. तेथें घाण करावयाची नाहीं, असा दंडक असे. तलाव बांधणें पुष्कळांना जमतें. त्याचें आगोर शतकानुशतकें स्वच्छ ठेवणें हें खरें अवघड काम होय.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहरांतील हवेल्या पाहाव्या. पटवा व्यापाऱ्यांच्या पांच हवेल्या एकास एक लागून आहेत. पहिलीचें काम १८०५ च्या सुमारास सुरू झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली नथमलची हवेली दोघां भावांनीं केली, एकानें उजवी बाजू व दुसऱ्यानें डावी. दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण बारकाईनें पाहिल्यास एकहि नक्षी दुसरीशीं जुळत नाहीं. हा भेद शोधण्याच्या खेळांत आमचीं नातवंडें तासभर रमलीं. मोठ्यांनीं दुसरी एक गोष्ट पाहावी. बोळ अरुंद कां, सज्जे पुढें आलेले कां, खिडक्यांना दगडी जाळी कां? बोळांत दिवसभर सांवली राहावी, आणि जाळीच्या लहान छिद्रांतून वारा वेगानें आंत यावा, यासाठीं. शोभेच्या पोटीं सोय दडलेली आहे.

हवेल्या पाहून झाल्यावर तिसऱ्या प्रहरीं समच्या वाळूकडे निघावें. तेथें तंबूंचीं विश्रामगृहें आहेत; हल्लीं त्यांना रिसॉर्ट म्हणतात. उंटावर बसून टेकडीवर जाणें, तेथून सूर्यास्त पाहणें, रात्रीं शेकोटीभोंवतीं गाणें व नाच, आणि मग तंबूंत निद्रा, असा तेथील क्रम असतो. उंटावर अवश्य बसावें. उंट उठतो तो आधीं मागच्या पायांवर. अशा वेळीं मागें रेलून बसावें, नाहीं तर माझ्यासारखी फजिती होते. उंटाच्या वशिंडांत पाणी सांठवलेलें असतें असें मुलें समजतात. तसें नाहीं, तेथें चरबी असते. उंटाची खरी युक्ति निराळीच आहे. तो आपल्या शरीराची उष्णता दिवसां कित्येक अंश चढूं देतो व रात्रीं उतरूं देतो. त्यामुळें त्याला फारसा घाम येत नाहीं व पाणी खर्च होत नाहीं. आणि पाणी मिळालें कीं एका दमांत शंभर लिटरपर्यंत पितो. असा हा प्राणी आज मात्र झपाट्यानें कमी होत आहे. भारतांत २०१२ सालच्या पशुगणनेंत सुमारें चार लाख उंट होते, ते २०१९ सालीं अडीच लाखांवर आले. राजस्थान सरकारनें २०१४ सालीं त्याला राज्याचा प्राणी ठरविलें. पण ओझीं वाहण्यास ट्रॅक्टर आले आणि चरण्याचीं राने आटलीं, मग त्याला पाळणार कोण? आपण उंटावर बसून दिलेलें भाडें हें कांहीं घरांना उंट ठेवण्याचें उरलेलें एकच कारण आहे. म्हणून भाव करतांना फार ताणूं नये. जीपगाड्या वाळूवरून भरधाव नेण्याचा खेळहि तेथें चालतो. त्यांत धूळ व गोंगाट यांशिवाय मला कांहीं आढळलें नाहीं.

रात्रीं शेकोटीजवळ ध्वनिक्षेपकावरून सिनेमाचीं गाणीं सुरू झालीं, तेव्हां मी मालकांना विनंती केली कीं, थोडा वेळ तें यंत्र बंद करावें व मांगणियार मंडळींना मोकळ्या गळ्यानें गाऊं द्यावें. त्यांनीं ती मानली. हे मांगणियार धर्मानें मुसलमान, आणि त्यांचे पिढीजात यजमान बहुतेक हिंदु. यजमानाच्या घरीं मूल जन्मो वा लग्न निघो, गाणें यांचें. कृष्णजन्माचीं गाणीं त्यांच्या तोंडून ऐकावीं. त्यांचें कमायचा नांवाचें तंतुवाद्य असतें, लाकडाची वाटोळी तबकडी व तिच्यावर मढविलेलें कातडें. गजानें वाजविलें कीं आवाज खोल, किंचित् घोगरा येतो. जैसलमेरजवळील हमीरा गांवचे साकर खाँ यांना या वाद्याबद्दल २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. दोन लहान लाकडी पट्ट्यांच्या खडतालींतून एका बारातेरा वर्षांच्या मुलानें जो नाद काढला, तो ऐकून माझा नातू जेवण विसरला. पावसाचीं गाणीं त्यांत पुष्कळ होतीं. जेथें पाऊस क्वचित्, तेथें त्याची गाणीं अधिक, हें स्वाभाविकच होय. गाणें संपल्यावर शेकोटी विझूं द्यावी आणि अर्धा तास नुसतें वर पाहत बसावें. शहरांत हरवलेली आकाशगंगा तेथें सांपडते.

आतां एक लहानशी गोष्ट सांगतों. सकाळीं माझी नात तंबूमागच्या न्हाणीघरांत दांत घासत होती आणि नळ तसाच चालू होता. खालीं बादली भरून वाहत होती. चहा घेऊन आलेल्या तरुणानें तें पाहिलें. तो रागावला नाहीं, बोललाहि नाहीं. त्यानें चहा ठेवला, नळ बंद केला, आणि ती भरलेली बादली उचलून बाहेर नेऊन उंटाच्या पुढ्यांत ओतली. मी मागोमाग गेलों व क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "मास्टरसाब, पाहुण्यांना कसें सांगावयाचें? येथें पाणी टँकरनें येतें. आमच्या घरीं आजी आंघोळीला बसते तेव्हां खालीं परात ठेवते. तें पाणी शेळ्यांना जातें." मी परत येऊन हें नातीला सांगितलें. उरलेले सर्व दिवस ती तांब्यानें मोजून पाणी घेत होती आणि मलाहि मोजावयास लावीत होती. कांहीं विश्रामगृहांत पोहण्याचे हौदहि आहेत. मी कोणास नांवें ठेवीत नाहीं. परंतु वाळवंटांत जाऊन हौदांत पोहावयाचें, तर मग घरच्या गांवचा तलाव काय वाईट?

तिसरा दिवस कुलधरा या गांवासाठीं राखावा. शहरापासून सुमारें अठरा किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचें हें गांव ओस पडलेलें आहे. सालमसिंग नांवाच्या दिवाणाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्यायशीं गांवें एका रात्रींत उठून गेलीं व जातांना शाप देऊन गेलीं, अशी कथा वाटाडे सांगतात, आणि भुताखेतांचीं वर्णनेंहि करितात. संशोधकांपैकीं कांहींचें म्हणणें असें कीं, गांव एका रात्रींत नव्हे, तर हळूहळू रिकामें झालें. विहिरींचें पाणी खालीं गेलें, हें त्याचें एक मोठें कारण असावें. कांहींनीं भूकंपाचाहि संभव सांगितला आहे. मला भुतें दिसलीं नाहींत. पण त्या आंखीव गल्ल्या आणि पडक्या भिंती पाहून फार वाईट वाटलें.

परंतु पालीवालांचें खरें स्मारक या पडक्या घरांत नाहीं. तें पाहावयाचें तर त्या भागांतील 'खडीन' पाहावें. आम्ही एका खडिनाच्या बांधावर उभे राहिलों. एका बाजूस उघडा, खडकाळ उतार. त्याच्या पायथ्याशीं लांबच लांब मातीचा बांध. आणि बांधाच्या आंत, श्रोतेहो, हिरवागार गहूं! पाट नाहीं, मोट नाहीं, पंप नाहीं. पावसाळ्यांत जे काय दोनचार पाऊस पडतात, त्यांचें सगळ्या उतारावरचें पाणी वाहत येऊन या बांधाशीं थांबतें. जास्त झालेलें पाणी सांडव्यावरून पुढच्या खडिनांत जातें. सांठलेलें पाणी जमिनींत मुरतें, आणि तें मुरलें कीं त्या ओलीवर गहूं व हरभरा पेरतात. पंधराव्या शतकापासून ही रीत चालत आली आहे. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस दोनशें मिलिमीटरहि भरत नाहीं. माझ्या माणदेशांत पांचशेंच्या आसपास पडतो. हे दोन आंकडे मला शिक्षक म्हणून पाठ होते. मीं ते एकमेकांशेजारीं कधीं मांडले नव्हते. त्या बांधावर ते आपोआप मांडले गेले, आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा मला आठवला.

बांधाजवळ एक वृद्ध शेतकरी बसले होते. मीं विचारलें, "पाऊसच आला नाहीं तर?" ते म्हणाले, "मग पेरीत नाहीं. जेवढें भिजलें तेवढेंच पेरतों. न भिजलेल्या जमिनीकडे पाहून हांव धरीत नाहीं." याहून अधिक ते बोलले नाहींत.

याच संदर्भांत हिंदी लेखक अनुपम मिश्र यांचें 'राजस्थान की रजत बूंदें' हें १९९५ सालीं निघालेलें पुस्तक जाण्यापूर्वीं वाचावें. वाळवंटांतील लोक पाण्याचे तीन प्रकार मानितात, असें त्यांत सांगितलें आहे. पावसाचें वरच्यावर मिळणारें तें पालर पाणी. खोल विहिरींतलें, बहुधा खारट, तें पाताळ पाणी. आणि या दोहोंच्या मध्यें, वाळूंत मुरून एखाद्या चुनखडीसारख्या थरावर अडकून राहिलेली जी ओल, तें रेजाणी पाणी. ही ओल मिळविण्यासाठीं अगदीं अरुंद विहीर खणतात. तिला कुंई म्हणतात. वाळूच्या कणाकणांतून थेंब झिरपून दिवसभरांत तळाशीं दोनचार घडे पाणी सांचतें. तोंड अरुंद, म्हणजे पाणी पसरत नाहीं व उन्हानें उडून जात नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कुंई ज्याची त्याची, पण ती खणावयाची जमीन गांवाची. नवी कुंई खणावयाची तर गांवाची संमति लागते. कारण नव्या कुंईंत येणारी ओल ही जुन्यांच्याच वाट्याची असते. आपल्याकडे एकानें बोअर घेतली कीं शेजारी त्याहून खोल घेतो. त्या लोकांनीं हा प्रश्न फार पूर्वींच ओळखला होता.

हें ऐकून वाळवंटांत सगळा आनंदीआनंद आहे, असा समज कोणीं करून घेऊं नये. पाऊस चुकला कीं माणसें गुरेंढोरें घेऊन माळव्याकडे व फाळणीपूर्वीं सिंधकडेहि जात. १९५८ सालीं ज्याचें काम सुरू झालें तो, आज इंदिरा गांधी यांच्या नांवानें ओळखला जाणारा कालवा पंजाबांतून पाणी घेऊन जैसलमेर जिल्ह्यांत पोंचला, तेव्हां अनेकांच्या डोक्यावरची घागर उतरली. त्या बायकांना जुन्या रीतीचें कौतुक आपण कोणत्या तोंडानें सांगावें? परंतु कालवा आला म्हणून तळीं व कुंया बुजूं द्याव्या, असेंहि त्यांतून निघत नाहीं.

चौथा दिवस झाडें व पक्षी यांचा. आपण दसऱ्यास जिची पूजा करितों ती शमी म्हणजेच तिकडची खेजडी. तिचा पाला शेळ्या खातात, तिच्या शेंगांना सांगरी म्हणतात, आणि केर व सांगरी यांची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर खावयास मिळाली तर ती सोडूं नये. दोन्ही वस्तू वाळवून वर्षभर टिकतात. परततांना भेट म्हणून याच आणाव्या. सूनबाईंनीं शेरभर आणली आणि तिची चव आमच्या चाळींत अजून आठवतात.

या गवताळ रानांत गोडावण राहतो. नांव नवें वाटेल, पण पक्षी आपलाच आहे. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठीं अभयारण्य केलें तो माळढोक हाच. आपल्याकडे आतां तो दिसला तर नवल. जगांत उरलेले बहुतेक सगळे माळढोक जैसलमेरच्या परिसरांत आहेत, आणि त्यांची संख्या दीडशेंच्या आसपास मानतात. मोठा, जड पक्षी. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. त्याचे डोळे बाजूला असल्यामुळें समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाहीं, आणि विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. त्या तारा वाहून नेतात ती वीज सूर्याची व वाऱ्याची, म्हणजे चांगलीच. तेव्हां हा झगडा दोन चांगल्या गोष्टींतला आहे. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सम येथें २०१९ पासून माळढोकांची पैदास करण्याचें केंद्र चालविलें जात आहे. मरुभूमि राष्ट्रीय उद्यानांत परवानगी काढून, पहांटे, मुकाट्यानें जावें. आम्हांला दुरून दोन माळढोक दिसले. मान उंच करून ते गवतांतून असे चालत होते, जणूं त्यांना कसलीच घाई नव्हती.

तेथून परत आल्यावर बारमेरच्या रस्त्यावर सतरा किलोमीटरवरील आकल हें ठिकाण मुलांना दाखवावें. सुमारें अठरा कोटी वर्षांपूर्वींच्या वृक्षांचीं खोडें तेथें दगड होऊन पडलीं आहेत. जेथें आज सांवलीला झाड नाहीं तेथें एके काळीं दाट अरण्य होतें. हातीं एक दिवस अधिक असेल तर सीमेकडे तनोट व लोंगेवाला येथें जावें. १९६५ च्या युद्धांत तनोटच्या देवीच्या परिसरांत पडलेले, न फुटलेले तोफगोळे देवळांत ठेविले आहेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतें. लोंगेवाला येथें ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या शेंसव्वाशें सैनिकांनीं रणगाड्यांचा हल्ला पहांटे विमानें येईपर्यंत रोखून धरला. तेथें उभें राहिलें कीं माणूस आपोआप हळू बोलूं लागतो.

श्रोतेहो, जैसलमेरहून निघण्यापूर्वीं मीं गडीसरच्या चित्राचें एक कार्ड विकत घेतलें आणि माझ्या त्या विद्यार्थ्याला, शाळेच्या जुन्या वहींत त्याचा जो पत्ता मला आठवत होता त्यावर, चार ओळी लिहिल्या. महिन्याभरानें तें कार्ड माझ्याकडेच परत आलें. त्या घरीं आतां कोणी राहत नाहीं. म्हणून तें उत्तर मी आज या नभोवाणीवरून देत आहें. तो कोठें तरी ऐकत असेल अशी आशा आहे.

बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता आणि तुला खालीं बसविण्यांत माझी चूक झाली. तेथें कांहींच नाहीं, हें मीं सांगितलें तें खोटें होतें. तेथें थोडें आहे. त्या लोकांनीं तें थोडें मोजलें, कोठें थांबवावयाचें आणि कोणीं किती घ्यावयाचें हें आपसांत ठरविलें, आणि मग घरें बांधलीं. म्हणून तेथें माणसें राहतात. तुझ्या गांवीं पाऊस त्यांच्या दुपटीहून अधिक पडतो. तेव्हां तुझे चुलते मुंबईला कां गेले, या प्रश्नाचें उत्तर आपल्या गांवांतच शोधावयास हवें; तें वाळवंटांत मिळणार नाहीं.

बाकीच्या श्रोत्यांना माझी विनंती इतकीच कीं, सुटींत वाळवंटांत अवश्य जावें, उंटावर बसावें, वाळूंत लोळावें, गाणें ऐकावें. पण बरोबर एक तांब्या न्यावा आणि पाणी त्यानें मोजून घ्यावें.